शाणयंत्रे : त्यांचे प्रकार आणि वापरातील दक्षता

चंदनाचे खोड सहाणेवर उगाळले म्हणजे गंध निघते. खोड दिवसेंदिवस आखूड होत जाते. सहाण मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकते. विळा निसण्यावर घासला म्हणजे त्याला धार येते, कारण विळ्याचे पोलाद कणाकणाने झिजते. या दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच नियम आहे. दोन पदार्थ एकमेकांवर घासले असता जो अधिक कठीण असतो, तो दुसऱ्यास झिजवतो. हा घरगुती नियम चाकाच्या रूपाने विजेच्या मोटरीस जोडला, की शाणयंत्र तयार होते. कारखान्यात त्यालाच 'ग्राइंडर' म्हणतात.

दळणे, वाटणे, उगाळणे, घासणे आणि धार लावणे या क्रियांना आपल्या भाषेत निरनिराळे शब्द आहेत; इंग्रजीत मात्र या सर्वांना एकच शब्द चालतो. त्यामुळे पिठाच्या गिरणीपासून लोखंड घासणाऱ्या यंत्रापर्यंत सर्वांस ग्राइंडर म्हणण्याचा प्रघात पडला. प्रस्तुत पाठात आम्ही केवळ धातू घासणाऱ्या यंत्रांचा विचार करणार आहोत. बेळगावचा उद्यमबाग असो वा कोल्हापूरची उद्यमनगर वसाहत असो, ओतशाळा आणि यंत्रशाळा यांवर पोट भरणारी कितीतरी कुटुंबे आमच्या वाचकांत असतील. शालान्त परीक्षेनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेणारे विद्यार्थीही थोडे नसतात. तेथे पहिल्याच आठवड्यात ज्या यंत्राशी गाठ पडते ते बहुधा हेच. ते दिसावयास साधे आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी बेफिकिरी लवकर येते.

कुरुंद ते कारबोरंडम

काठिण्याची तुलना करण्यासाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दहा पायऱ्यांची एक श्रेणी ठरविली. तिच्यात पहिली पायरी शंखजिऱ्याची, सातवी गारेची, नववी कुरुंदाची आणि दहावी हिऱ्याची आहे. धार लावण्यास आपल्या देशात पूर्वापार कुरुंद वापरला जात असे. इंग्रजीतील 'कोरंडम' हे नावही दक्षिण भारतातील 'कुरुंदम्' या शब्दावरूनच तिकडे गेले. माणिक आणि नीलम ही रत्ने म्हणजे या कुरुंदाचीच शुद्ध आणि रंगीत रूपे होत.

निसर्गातील कुरुंद सर्वत्र एकसारखा मिळत नाही. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन हे चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेने तापवीत असता त्यांस चकाकणारे अतिशय कठीण स्फटिक आढळले. कार्बन आणि कुरुंद यांचे ते संयुग असावे अशा समजुतीने त्यांनी त्यास 'कारबोरंडम' हे नाव दिले. पुढे ते सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग ठरले. पण नाव तेच राहिले. अशा रीतीने आपल्या कुरुंदाचा अंश एका अमेरिकन शोधाच्या नावात कायमचा राहिला. यानंतर काही वर्षांतच विजेच्या भट्टीत कृत्रिम कुरुंदही, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडही, तयार होऊ लागला. आज बहुतेक चाके या दोहोंपैकी एका पदार्थाची असतात. आपल्या देशातही ती बनतात. मद्रास येथे १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली, आणि उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल नॉर्टनचा कारखाना आहे.

चाकाची रचना

घासण्याचे चाक म्हणजे एकसंध दगड नव्हे. त्याची रचना समजण्यास शेंगदाण्यांच्या चिक्कीचे उदाहरण उत्तम आहे. चिक्कीत दाणे असतात, दाण्यांना धरून ठेवणारा गूळ असतो, आणि मध्ये मध्ये पोकळ्या असतात. चाकातही तीन गोष्टी असतात : कापणारे कण, त्यांना जोडणारा बंध, आणि धातूचा कीस सामावून घेणाऱ्या पोकळ्या. प्रत्येक कण हे एक लहानसे हत्यारच असते. तो बोथट झाला, की त्याच्यावरील दाब वाढतो. मग तो फुटतो किंवा गळून पडतो, आणि त्याच्यामागील नवा टोकदार कण पुढे येतो. स्वतःस स्वतःच धार लावणारे असे हत्यार दुसरे क्वचितच असेल.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. चाकाला 'मऊ' किंवा 'कठीण' म्हणतात ते कणांवरून नव्हे, बंधावरून. कण लवकर सोडणारे चाक मऊ, घट्ट धरून ठेवणारे चाक कठीण. पाणी दिलेल्या कठीण पोलादासाठी मऊ चाक घ्यावे, आणि मऊ लोखंडासाठी कठीण चाक घ्यावे, असा सामान्य नियम आहे. ऐकताना तो उलटा वाटतो. परंतु कठीण पोलादावर कण लवकर बोथट होतात आणि त्यांनी लवकर गळणे आवश्यक असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील संगती कळते.

चाकावरील कागदावर 'ए ६० के ५ व्ही' अशी अक्षरे व अंक असतात. 'ए' म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, हे पोलादासाठी. त्याजागी 'सी' असल्यास सिलिकॉन कार्बाइड. हे बिडासाठी व पितळेसारख्या धातूंसाठी. साठ हा आकडा कणांचा आकार सांगतो. ज्या चाळणीने हे कण निवडतात तिला एका इंचात साठ छिद्रे असतात. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. 'के' हे बंधाचे काठिण्य होय. वर्णमालेत अक्षर जितके पुढचे, तितके चाक कठीण. पाच हा आकडा कणांची विरळता सांगतो, आणि 'व्ही' म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीचा बंध. त्याच कागदावर चाकाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते. तिचे महत्त्व पुढे येईल.

यंत्रांचे प्रकार

पहिला आणि सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे बाकावर बसविलेले किंवा खांबावर उभे केलेले यंत्र. मोटरीच्या दोन्ही बाजूंस एकेक चाक असते. एक भरड, दुसरे बारीक. छिन्नी, पटाशी, लेथचे हत्यार, ड्रिल यांना धार लावण्यास ते वापरतात. ओतशाळेत मोठ्या यंत्रांवर बिडाच्या ओतिवांच्या कडा घासून साफ करतात. या कामास तेथे 'फेटलिंग' म्हणतात.

दुसरा प्रकार हातात धरावयाच्या यंत्रांचा. त्यांपैकी काटकोनी डोके असलेला 'अँगल ग्राइंडर' आज खिडक्यांचे गज करणाऱ्यापासून फरशी बसविणाऱ्यापर्यंत सर्वांच्या हाती दिसतो. येथे यंत्र स्थिर नसते, माणसाच्या हाताचाच आधार असतो. म्हणून या प्रकारात दक्षता सर्वांत अधिक हवी.

तिसरा प्रकार सपाट पृष्ठभाग घासणारा, म्हणजे 'सरफेस ग्राइंडर'. यात वस्तू लोहचुंबकाच्या पाटावर धरलेली असते. पाट पुढेमागे सरकतो आणि वर फिरणारे चाक दर खेपेस मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढे, फार तर त्याच्या दोनतीन पट, धातू काढते. माणसाच्या केसाची जाडी मिलिमीटरच्या शंभरातील सुमारे सात भाग असते. यावरून या कामातील सूक्ष्मतेची कल्पना येईल.

चौथा प्रकार दंडगोल घासणारा. वस्तू दोन टोकांवर धरून फिरवितात आणि फिरते चाक तिच्या अंगास लावतात. पोकळ नळीच्या आतील अंग घासणारे यंत्र हा याचाच भाऊ. त्याचे चाक लहान असल्यामुळे ते फार वेगाने फिरवावे लागते.

पाचवा प्रकार 'सेंटरलेस', म्हणजे टोकांवाचून काम करणारा. एक घासणारे चाक, त्याच्यासमोर सावकाश फिरणारे एक नियामक चाक, आणि मध्ये वस्तूस आधार देणारी पट्टी, एवढीच त्याची मांडणी. वस्तू एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने घासून बाहेर पडते. बेअरिंगचे रोलर, पिस्टनच्या पिना अशा एकसारख्या हजारो वस्तू याच रीतीने होतात. यांखेरीज कटरना धार लावणारी व मोटारीच्या क्रँकशाफ्टचे अंग घासणारी खास यंत्रेही असतात.

वेगाचे गणित

शाणयंत्रापासून होणाऱ्या अपघातांत चाक फुटणे हा सर्वांत भीषण होय. तो का होतो, हे शाळेतील गणिताने समजू शकते.

चाकाच्या कडेचा वेग काढण्याची रीत अशी : व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्यास ३.१४ ने आणि मिनिटातील फेऱ्यांनी गुणावे, आणि ६० ने भागावे. समजा, चाकाचा व्यास १५० मिलिमीटर आहे आणि मोटर मिनिटाला २८५० फेरे घेते. तर कडेचा वेग सेकंदाला २२.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८१ किलोमीटर येतो. मातीच्या बंधाच्या साध्या चाकाची मर्यादा बहुधा सेकंदाला ३५ मीटरच्या आसपास असते. तेव्हा येथे भीतीचे कारण नाही.

आता कोणी याच मोटरीवर, आवरण काढून, २५० मिलिमीटरचे चाक चढविले असे धरू. फेरे तेवढेच, पण कडेचा वेग झाला सेकंदाला ३७.३ मीटर. मर्यादा ओलांडली गेली. शिवाय फिरणाऱ्या चाकास बाहेरच्या दिशेने फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर ताण चौपट होतो. आमच्या उदाहरणात वेग १.६७ पट झाला, तेव्हा ताण सुमारे २.८ पट झाला. यंत्राचा आवाज तोच, फेरे तेच, पाहणाऱ्यास काहीही निराळे दिसत नाही. आणि चाक मात्र फुटण्याच्या बेतास आलेले असते.

अँगल ग्राइंडरवरील १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे २०७ किलोमीटर असतो. तिचा उडालेला तुकडा चुकविणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. यास्तव पहिला नियम असा, की चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून अधिक असल्याची खात्री केल्यावाचून चाक चढवू नये. आणि दुसरा, की संरक्षक आवरण कोणत्याही सबबीवर काढू नये.

चाक बसविण्यापूर्वी

मडके विकत घेताना आजी त्यावर टिचकी मारून पाहते. खणखणीत आवाज आला तर मडके घरी येते. भद्द आवाज आला तर ते परत जाते. मातीच्या बंधाच्या चाकाची परीक्षा हीच आहे. कोरडे व स्वच्छ चाक छिद्रातून बोटावर किंवा दांडीवर लोंबते धरावे आणि लाकडी मुठीने कडेच्या किंचित आत हलकेच ठोकावे. मग ते थोडे फिरवून पुन्हा ठोकावे. आवाज स्पष्ट निघाला तर ठीक. भद्द निघाला तर आत तडा आहे असे समजून ते चाक मोडून टाकावे, म्हणजे दुसरा कोणी ते चुकून वापरणार नाही. राळेच्या किंवा रबराच्या बंधाची चाके अशी वाजत नाहीत. ती नीट न्याहाळून पाहावी लागतात.

चाक दांडीवर सहज, पण ढिले न होता, बसले पाहिजे. ठोकून बसवू नये. दोन्ही बाजूंच्या धातूच्या चकत्या सारख्या व्यासाच्या असाव्यात, आणि चाक व चकती यांमध्ये जाड कागदाची गोल पट्टी असावी. तिच्यामुळे दाब सर्वत्र सारखा पडतो. नट पुरेसा आवळावा, पण सारी ताकद लावून नव्हे. नंतर यंत्र सुरू करून बाजूस उभे राहावे आणि निदान एक मिनिट ते रिकामे फिरू द्यावे. चाकात दोष असेल तर तो बहुधा याच वेळी उघड होतो. हे सर्व करण्यापूर्वी वीज तोडलेली असावी, हे सांगणे न लगे.

काम करताना

हत्यार टेकविण्याची लोखंडी पट्टी चाकापासून तीन मिलिमीटरहून दूर असू नये. वरच्या आवरणाची जीभ सहा मिलिमीटरहून दूर असू नये. चाक झिजून लहान होते, तसे हे अंतर आपोआप वाढत जाते, आणि नेमके तेच कोणाच्या ध्यानात येत नाही. अंतर वाढले, की हत्यार फटीत खेचले जाते, पाचरीसारखे अडकते, आणि त्यामागोमाग बोटही जाते. पट्टी पुढे घ्यावयाची असल्यास चाक पूर्ण थांबवूनच घ्यावी.

सपाट चाकाच्या कडेवरच घासावे, बगलेवर घासू नये. बगलेचा दाब सोसण्यासाठी ते बनविलेले नसते. पोलाद घासण्याच्या चाकावर अॅल्युमिनियम, तांबे किंवा लाकूड लावू नये. हे मऊ पदार्थ चाकाच्या पोकळ्यांत भरून बसतात. मग चाक कापत नाही, केवळ तापते. अशा भरलेल्या किंवा गुळगुळीत झालेल्या चाकाचे तोंड ड्रेसरने उघडून घ्यावे. अधिक जोर देणे हा त्यावरील उपाय नव्हे.

साध्या पोलादाच्या हत्याराची धार निळी पडली, तर तिचे पाणी उतरले असे समजावे. ती निळी पडू नये म्हणून हत्यार वरचेवर पाण्यात बुडवावे. चुंबकाच्या पाटावर काम करताना चुंबक चालू असल्याची खात्री हाताने ओढून करावी. पितळ व अॅल्युमिनियम चुंबकास चिकटत नाहीत, हा भौतिकशास्त्राचा धडा तेथे विसरून चालत नाही. पाण्याचा फवारा असलेल्या यंत्रात काम संपताच आधी फवारा बंद करावा आणि मग चाक काही वेळ रिकामे फिरवावे. नाहीतर थांबलेल्या चाकाच्या खालच्या भागात पाणी मुरते आणि पुढच्या वेळी त्याचा तोल बिघडतो.

अँगल ग्राइंडर दोन्ही हातांनी, बाजूच्या मुठीसह धरावा. कापण्याची पातळ चकती घासण्यास वापरू नये. कापताना फट आवळली, की चकती अडकते आणि यंत्र उसळून अंगावर येते. म्हणून आपले शरीर चकतीच्या रेषेत कधीही नसावे. लाकूड कापण्याचे दातेरी पाते या यंत्रास लावणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. चकती पूर्ण थांबल्यावाचून यंत्र खाली ठेवू नये.

सैल बाह्या, पदर, ओढणी, गळ्यातील गोफ, हातातील कडे आणि मोकळे केस यांस फिरत्या चाकाजवळ स्थान नाही. बाकावरील यंत्रापाशी हातमोजेही घालू नयेत. मोजा चाकात सापडला, की तो हातास घेऊनच जातो.

ठिणगी आणि धूळ

चाकावरून उडणारी ठिणगी म्हणजे पोलादाचा सूक्ष्म कीस होय. घर्षणाने तो तापतो आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळतो. पोलादात कार्बन अधिक असेल तर ठिणगीला फाटे फुटून फुलबाजीसारखी फुले दिसतात. मऊ पोलादाची ठिणगी लांब व सरळ जाते. बिडाची आखूड आणि तांबूस असते. जुने कारागीर ठिणगी पाहून धातू ओळखतात, ते यामुळेच. परंतु हीच ठिणगी पेट्रोल, गॅसची टाकी, तेलकट चिंध्या किंवा कडब्याची गंजी यांच्याजवळ पडली तर काय होईल, हे सांगावयास नको.

हा कण डोळ्यात गेला तर बुबुळावर रुतून बसतो आणि तेथे गंजू लागतो. म्हणून चष्मा लावल्यावाचून, आणि काम मोठे असेल तर चेहऱ्यावर पारदर्शक ढाल घेतल्यावाचून, यंत्रास हात लावू नये. 'एकच मिनिटाचे काम आहे' हे वाक्य कारखान्यात फार ऐकू येते. कणाला डोळ्यापर्यंत पोचण्यास त्याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो. कण गेलाच तर डोळा चोळू नये. रुमालाच्या टोकाने किंवा आगकाडीने तो काढण्यास शेजारी नेहमीच तत्पर असतो. त्यास नम्रपणे नकार द्यावा, डोळा हलकेच झाकावा आणि नेत्रवैद्याकडे जावे. आपल्या देशात १९४८ साली झालेल्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी कलम ३५ हे स्वतंत्र कलम घालण्यात आले, यावरून या धोक्याचे गांभीर्य दिसून येते.

डोळ्यातील कण तत्काळ कळतो. फुप्फुसातील धूळ मात्र वर्षानुवर्षे कळत नाही. इंग्लंडमधील शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांसाठी जगप्रसिद्ध शहर. एकोणिसाव्या शतकात तेथील कारागीर वालुकाश्माच्या चाकांवर पाती घासत. त्या काळातील डॉ. नाइट या वैद्यांनी नोंदविले, की कोरडे घासणारे कारागीर सरासरीने जेमतेम पस्तिशी गाठतात आणि पाण्याने भिजवून घासणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतात. कारण एकच : वालुकाश्मातील सिलिकेची धूळ. ती फुप्फुसात बसली की तेथे व्रण धरतात आणि श्वास उत्तरोत्तर अपुरा पडू लागतो. या रोगास 'सिलिकोसिस' म्हणतात. तो एकदा जडला की बरा होत नाही.

हा इतिहास केवळ परदेशाचा नाही. गुजरातेत खंबायत येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांना आणि मध्य प्रदेशात मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मजुरांना याच रोगाने ग्रासले. ज्या पेन्सिलीने कित्येक पिढ्यांनी मुळाक्षरे गिरविली, तिच्यासाठी कोणी आपला श्वास वेचला होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

आजच्या कृत्रिम चाकांत वालुकाश्म नसतो, तेव्हा धोका सरला असे कोणास वाटेल. परंतु ओतशाळेत बिडाच्या ओतिवाला साच्याची वाळू चिकटलेली असते, आणि फेटलिंग करताना तीच वाळू चाकाखाली चूर्ण होऊन हवेत जाते. फरशी किंवा काँक्रीट कापतानाही हेच घडते. धूळ ओढून घेणारा पंखा व नळी, शक्य तेथे पाण्याचा वापर, आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा योग्य मुखवटा हे त्यावरील उपाय होत. तोंडाला बांधलेला रुमाल भरड धूळ अडवितो. परंतु खरी घातक धूळ डोळ्यास न दिसण्याइतकी बारीक असते आणि ती रुमालातून सहज आत जाते.

समारोप

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर होऊ लागले, आणि १९१० साली ते उद्योग घेऊन किर्लोस्करवाडीस गेले. नांगराचा फाळ असो वा कडबा कापणारे पाते असो, शेवटचा हात धार लावणाऱ्याचाच असतो. आपल्या भागाची ही परंपरा पुढे चालविणारे हात आज शाळेच्या बाकांवर आहेत.

घरातही एक काम करता येण्याजोगे आहे. ज्यांचे वडील, काका अथवा बंधू अशा यंत्रावर काम करतात, त्यांनी आज सायंकाळी त्यांना तीन प्रश्न विचारावेत : चाकापासून पट्टी किती अंतरावर आहे, चष्मा कोठे ठेवलेला असतो, आणि धूळ कोणत्या वाटेने बाहेर जाते? उत्तरे समाधानकारक असली तर आनंदच आहे. नसली, तर हा पाठ त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.